पाषाणी अशनींचे वर्गीकरण: निसर्गाच्या सीमा आणि माणसाच्या रेघा

पृथ्वीवर पडताना माणसांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या आणि नंतर गोळा केलेल्या अशनींपैकी शंभरांत सुमारे ९४ पाषाणी, म्हणजे मुख्यतः सिलिकेट खनिजांचे बनलेले असतात. निव्वळ लोह-निकेलचे अशनी शंभरांत पाचच्या आसपास आणि धातू व सिलिकेट जवळजवळ बरोबरीने असलेले मिश्र अशनी एखाद-दुसरेच भरतात. तरीही पडताना कोणी न पाहिलेल्या, पुढे केव्हातरी शेतात वा रानात सापडलेल्या अशनींच्या जुन्या संग्रहांत लोह अशनींचा भरणा कितीतरी अधिक दिसतो, आणि या विसंगतीचे कारण आकाशात नसून जमिनीवर आहे. लोखंडाचा जड गोळा नांगराला लागला की शेतकरी थांबतो. पाषाणी अशनी मात्र पावसापाण्याने गंजत, फुटत आसपासच्या दगडांत असा मिसळून जातो की त्याच्याकडे पुन्हा कोणाची नजर वळत नाही. म्हणूनच पाषाणी अशनींच्या वर्गीकरणाचे काम ज्यांच्या वाट्याला येते त्यांचा बराचसा वेळ समोरचा दगड मुळात अशनी आहे की नाही, एवढे ठरवण्यातच जातो.

महाराष्ट्रात अशा तपासणीसाठी आणले जाणारे दगड बहुधा ठरावीक प्रकारांतले असतात: नदीत घासून गुळगुळीत झालेले बेसाल्टचे काळे गोटे, पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे मणी भरलेला बेसाल्ट, हेमॅटाइटचे जड तुकडे आणि लोखंड गाळताना उरलेली मळी. मळीला चुंबक चिकटतो आणि ती काळी, जड व वितळल्यासारखी दिसते, त्यामुळे ती सर्वांत जास्त फसवते. पण तिच्यात हवेच्या बुडबुड्यांची छिद्रे असतात आणि पाषाणी अशनींत ती जवळजवळ कधीच नसतात. खऱ्या अशनीच्या अंगावर वातावरणातून येताना वितळून बनलेले काळे कवच असते, जे सहसा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, आणि त्याचा एक कोपरा कानशीने थोडा घासला तर राखाडी दगडात धातूचे बारीक ठिपके चमकू लागतात. बेसाल्टमध्ये असा मोकळा धातू नसतो. अनेक वर्षे हे काम केलेल्या अभ्यासकाचा हात दगड उचलतानाच वजनावरून काहीएक अंदाज बांधतो, परंतु त्या अंदाजावर निकाल द्यायचा नाही, हा संयमही त्याच अनुभवातून येतो. दगड आणणाऱ्याने तो दूरवरून, आशेने आणलेला असतो, आणि त्याला द्यावे लागणारे उत्तर बहुतेक वेळा नकाराचे असते. तो नकार कारणांसह, दगड फोडून आतला भाग दाखवत दिला, तर तीच व्यक्ती पुढे खरा अशनी ओळखणारी डोळस साक्षीदार होऊ शकते, म्हणून त्यासाठी खर्च होणारा वेळ या कामाचाच भाग मानला पाहिजे.

अशनी आकाशातून येतात हे विद्वानांनी मान्य करण्याआधीच्या काळात एका भारतीय अशनीने मोलाची साक्ष दिली होती. १९ डिसेंबर १७९८ रोजी बनारसजवळ क्राखुट येथे दगडांचा वर्षाव झाला, आणि त्यांतले काही नमुने इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती आले. जर्मन विद्वान क्लाडनीने १७९४ मध्येच हे दगड पृथ्वीबाहेरून येतात असे प्रतिपादन केले होते, पण त्याच्यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. हॉवर्डने बनारस, इटलीतील सिएना आणि इंग्लंडमधील वोल्ड कॉटेज अशा एकमेकांपासून दूर पडलेल्या दगडांची तुलना केली, आणि त्याचा सहकारी खनिजतज्ज्ञ काउंट द बूर्नाँ याने ते दगड फोडून त्यांतले बारीक गोल कण, धातूचे कण, गंधकयुक्त लोहखनिज आणि या सर्वांना धरून ठेवणारा मातकट भाग वेगवेगळे केले. तिन्ही ठिकाणच्या दगडांतल्या धातूत निकेल सापडले. १८०२ मध्ये हे विश्लेषण प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी २६ एप्रिल रोजी फ्रान्समधील लेग्ल गावावर हजारो दगड पडले, ज्यांची चौकशी करून फ्रेंच शास्त्रज्ञ बिओने दिलेल्या अहवालाने वाद जवळजवळ मिटवला. आजच्या प्रयोगशाळेत दगडाचे घटक अलग करून प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करण्याची जी रीत आहे तिची सुरुवात या कामात दिसते. दगडाचे एकत्रित चूर्ण करून सरासरी काढली असती तर गोल कणांचे वेगळेपण कोणाच्या ध्यानात आले नसते.

हे गोल कण म्हणजे कॉन्ड्रूल, आणि ज्यांत ते असतात किंवा ज्यांची रासायनिक घडण तशाच दगडांशी जुळते ते अशनी म्हणजे कॉन्ड्राइट. बर्लिनच्या गुस्टाव्ह रोझने १८६४ मध्ये हा वर्ग स्थापला, तर त्याच सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मॅस्केलिनने लोह, मिश्र आणि पाषाणी ही तिहेरी विभागणी मांडली. वितळून, धातू तळाशी बसून, लाव्ह्यासारखे पुन्हा गोठलेले व म्हणून कॉन्ड्रूल हरवून बसलेले पाषाणी अशनी अकॉन्ड्राइट म्हटले जातात. वितळलेले आणि न वितळलेले हा भेद आजही सर्व वर्गीकरणाचा पाया आहे, आणि तो अर्थपूर्ण आहे, कारण न वितळलेला दगड सूर्यमालेच्या आरंभीच्या धुळीची घडण राखून असतो, तर वितळलेला दगड एखाद्या लहान-मोठ्या खगोलाच्या पोटात काय घडले ते सांगतो.

अशनी असल्याचे ठरले की त्याचा पातळ काप तयार केला जातो, ज्याला प्रयोगशाळेत सगळे थिन सेक्शनच म्हणतात. हिऱ्याची कणी बसवलेल्या पातळ चकतीने दगडाची चीप कापायची, ती इपॉक्सीने काचपट्टीवर चिकटवायची, आणि मग क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या पुडीवर ती घासत ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत आणायची, म्हणजे तिच्यातून प्रकाश आरपार जाऊ लागतो. भूपृष्ठावरच्या खडकांचे काप करणाऱ्या कुशल कारागिरालाही अशनीचा काप अवघड वाटतो, कारण त्यात ठिसूळ सिलिकेट आणि चिवट धातू शेजारी शेजारी असतात. घासताना दोन्ही सारख्या वेगाने झिजत नाहीत आणि शेवटच्या पॉलिशमध्ये एखादा कण उपटून निघाला तर तो काचपट्टीभर ओरखडा काढतो. पाण्याने धातू गंजतो म्हणून कापताना व घासताना शक्यतो अल्कोहोल वापरतात. या टप्प्यावर घाई केल्यास पुढे दिसणारी भेग मूळ दगडातली की घासताना पडलेली, हा प्रश्न सुटतच नाही, आणि दगड दुर्मीळ असेल तर दुसरा काप मागण्याची सोयही नसते.

ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे ज्यात प्रकाशाची कंपने एकाच प्रतलात आणलेली असतात अशा उपकरणाखाली, चांगल्या कॉन्ड्राइटचा पहिला काप पाहणे हा या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यातला लक्षात राहणारा अनुभव असतो. राईएवढे किंवा त्याहूनही लहान गोल कण एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. कोणात ऑलिव्हीन या सिलिकेट खनिजाचे निळे-केशरी स्फटिक काचेत रुतलेले असतात, कोणात ऑलिव्हीनच्या समांतर पट्ट्या असतात, तर कोणात पायरॉक्सीन या दुसऱ्या सिलिकेटचे तंतू एका कडेच्या बिंदूपासून पंख्यासारखे पसरलेले असतात. पृथ्वीच्या कोणत्याही खडकात ही घडण मिळत नाही. शेफील्डच्या हेन्री सॉर्बीने एकोणिसाव्या शतकातच असे काप पाहून हे कण एकेकाळी वितळलेले थेंब होते असा निष्कर्ष काढला होता, आणि पुढच्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला: साधारण १,५०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला वितळलेले थेंब काही तासांत थंड झाले तर अशा घडणी तयार होतात. ते थेंब कशाने वितळले यावर मात्र आजही एकमत नाही, आणि ज्या कणांवर सगळ्या वर्गीकरणाची इमारत उभी आहे त्यांच्याच जन्माचे कारण वादात असावे, ही गोष्ट या कामाला सतत जिवंत ठेवते.

पडणाऱ्या अशनींपैकी शंभरांत सुमारे ८० ज्या वर्गात येतात त्यांना सामान्य कॉन्ड्राइट म्हणतात, आणि त्यांचे एच, एल व एलएल असे तीन गट आहेत. एच गटात एकूण लोह वजनाने सुमारे २५ ते ३० टक्के, एल गटात २० ते २५ टक्के आणि एलएल गटात त्याहून थोडे कमी असते. पण खरा फरक हे लोह कोणत्या रूपात आहे यात आहे. एच गटात त्याचा मोठा वाटा मोकळ्या धातूच्या रूपात असतो, तर एलएल गटात धातू जेमतेम उरतो आणि लोह प्राणवायूशी संयोग पावून ऑलिव्हीन व पायरॉक्सीनमध्ये शिरलेले असते. ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज प्रायर याने १९१६ मध्ये दाखवले की कॉन्ड्राइटमध्ये धातू जितका कमी तितका तो निकेलने समृद्ध आणि तितके सिलिकेट लोहाने समृद्ध. निकेल सहजी ऑक्सिडीभूत होत नाही, लोह होते, त्यामुळे उरलेल्या धातूत निकेलचा वाटा वाढतो. १९५३ मध्ये युरी आणि क्रेग यांनी उपलब्ध रासायनिक विश्लेषणांची छाननी करून त्यांतली अविश्वसनीय विश्लेषणे बाजूला काढली, आणि मग जास्त लोहाचे व कमी लोहाचे असे दोन पुंजके स्पष्ट वेगळे दिसू लागले. कमी लोहाच्या पुंजक्यातून एलएल पुढे वेगळा केला गेला.

दगडाचा गट आज ठरवण्याची रीत सोपी वाटावी अशी आहे. कापाच्या पॉलिश केलेल्या पृष्ठावर कार्बनचा अतिपातळ थर देऊन इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या उपकरणात सुमारे एक मायक्रोमीटर जाडीचा इलेक्ट्रॉनांचा झोत एकेका ऑलिव्हीनच्या कणावर सोडला जातो, त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून लोह व मॅग्नेशियमचे प्रमाण मोजले जाते, आणि लोहयुक्त घटकाचा, म्हणजे फायालाइटचा, टक्का काढला जातो. तो साधारण १६ ते २० असेल तर एच, २२ ते २६ असेल तर एल, आणि २६ ते ३२ असेल तर एलएल. एल आणि एलएल यांच्या सीमेवर थोडे दगड घुटमळतात, एच आणि एल यांच्या मधल्या पोकळीतही क्वचित एखादा पडतो, पण एकूण चित्रात रिकाम्या जागा आहेत, आणि त्या अभ्यासकांनी ठरवलेल्या नाहीत. हजारो दगड मोजले तरी त्या बहुतांशी रिकाम्याच राहतात, याचा अर्थ निदान तीन वेगळे जनक खगोल, म्हणजे ज्यांच्यापासून हे दगड तुटले असे खगोल, असावेत. या अनुमानाला एक अनपेक्षित पुष्टी मिळाली: जपानच्या हायाबुसा यानाने २००५ मध्ये इतोकावा या लघुग्रहाला स्पर्श करून आणलेली आणि २०१० मध्ये पृथ्वीवर पोचलेली धूळ अशाच उपकरणांनी तपासली गेली, आणि तिच्यातल्या ऑलिव्हीनचा फायालाइट-टक्का थेट एलएल गटात बसला. प्रयोगशाळेत दगडांवरून आखलेला गट अवकाशात खऱ्याखुऱ्या खगोलाच्या रूपाने भेटावा, याचे समाधान मोजमाप करणाऱ्यांनाच पुरते कळेल.

गटाच्या अक्षरानंतर अंक येतो, आणि येथे सीमांचा स्वभाव बदलतो. व्हॅन श्मुस आणि वुड यांनी १९६७ मध्ये कॉन्ड्राइटना १ ते ६ असे क्रमांक दिले. ३ म्हणजे मूळ घडण सर्वांत कमी बिघडलेला दगड. तेथून ६ कडे जाताना जनक खगोलाच्या आतल्या उष्णतेने झालेला बदल वाढत जातो, तर ३ कडून १ कडे जाताना पाण्याने झालेला बदल वाढत जातो. सामान्य कॉन्ड्राइट जवळजवळ सगळे ३ ते ६ मध्ये येतात. प्रकार ३ मध्ये शेजारच्या दोन ऑलिव्हीन कणांतही लोहाचे प्रमाण वेगळे असते, कॉन्ड्रूलमधली काच शाबूत असते आणि त्यांच्या कडा काटेकोर असतात. प्रकार ४ मध्ये ऑलिव्हीनचे मोजमाप सर्वत्र एकसारखे येऊ लागते, प्रकार ५ मध्ये कॉन्ड्रूलच्या कडा पुसट होतात, आणि प्रकार ६ मध्ये लाखो वर्षे सुमारे ९०० अंशांपर्यंतच्या उष्णतेत राहिल्याने सगळे स्फटिक इतके वाढून एकमेकांत गुंतलेले असतात की कॉन्ड्रूल कोठे संपतो हे नेमके बोट ठेवून सांगता येत नाही. यातली सर्वांत उपयोगी खूण फेल्स्पार या खनिजाची आहे: त्याचे कण प्रकार ४ मध्ये दोन मायक्रोमीटरपेक्षा लहान, प्रकार ५ मध्ये दोन ते पन्नास आणि प्रकार ६ मध्ये पन्नासपेक्षा मोठे असतात.

पण फेल्स्पारच्या कणांना पन्नास मायक्रोमीटर हा आकडा ठाऊक नसतो. कणांचे आकार सलग वाढत गेलेले आहेत, मध्ये कोठेही रिकामी जागा नाही, आणि पन्नासवर रेघ ओढली ती माणसांनी, आपल्या सोयीसाठी. त्यामुळे एकच काप दोन अनुभवी अभ्यासकांपुढे ठेवला तर अक्षराबद्दल सहसा मतभेद होत नाही, अंकाबद्दल मात्र वारंवार होतो. एकाला कडा पुसट वाटतात, दुसऱ्याला स्पष्ट, आणि दोघेही प्रामाणिक असतात. सुरुवातीच्या वर्षांत असा मतभेद नव्या अभ्यासकाला अस्वस्थ करतो, कारण मोजमाप कोठेतरी चुकले असे त्याला वाटते. पुढे पुष्कळ काप डोळ्यांखालून गेल्यावर ध्यानात येते की येथे मतभेद हीच योग्य माहिती आहे, आणि एल५/६ असे लिहिणे हा निर्णय टाळणे नसून दगडाचे खरे वर्णन आहे. अनेकदा तर काप एकाच प्रकारचा नसतोच. वेगवेगळ्या खोलीवरचे तुकडे आघातांनी फुटून पुन्हा एकत्र सांधले गेलेले असतात, आणि तेव्हा एका चिपेवरून अख्ख्या दगडाला अंक देणे धाडसाचे ठरते. प्रकार ३ च्या आत आणखी ३.० ते ३.९ असे दशांश केले जातात, त्यांसाठी तापवल्यावर दगड किती प्रकाश सोडतो याची संवेदनशीलता मोजण्याची पद्धत १९८० मध्ये पुढे आली. गुजरातमधील धजाळा येथे २८ जानेवारी १९७६ रोजी पडलेला अशनी या मोजपट्टीवर एच३.८ ठरतो, म्हणजे तो प्रकार ४ च्या उंबरठ्यावर आहे.

अक्षर आणि अंक यांना जोडून आणखी दोन नोंदी होतात: अवकाशातल्या आघाताची खूण आणि पृथ्वीवरच्या गंजाची खूण. गंजाची मोजपट्टी व्लोत्झका यांनी १९९३ मध्ये मांडली आणि धातूचा किती भाग तांबूस ऑक्साइड झाला यावर ती चालते; दख्खनच्या हवेत पावसाळाभर उघड्यावर पडलेल्या दगडाची नोंद बदलायला फार वेळ लागत नाही. आघाताची मोजपट्टी १९९१ मध्ये श्टॉफ्लर, काइल आणि स्कॉट यांनी घालून दिली, आणि ती एस१ ते एस६ अशी आहे. सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवताना अबाधित ऑलिव्हीनचा कण एकदम काळा पडतो. धक्का बसलेल्या कणातून अंधाराची लाट सरकत जाते. त्याहून जोराचा धक्का बसला तर कणात समांतर तडे पडतात, मग तो पुष्कळशा ठिपक्यांत काळा-उजळ होतो. एस५ मध्ये फेल्स्पार न वितळताच काचेसारखा होतो, आणि एस६ मध्ये काळ्या वितळलेल्या शिरांलगत ऑलिव्हीनचे रिंगवुडाइट या दाट खनिजात रूपांतर झालेले सापडते.

आघाताच्या या नोंदीचे महत्त्व मराठी वाचकाला नागपूर जिल्ह्यातील काटोलच्या अशनीवरून सहज उमगेल. २२ मे २०१२ रोजी संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या परिसरावर दगड पडले आणि त्यांचे वर्गीकरण एल६ असे झाले. एल६ हा अशनींमधला अतिशय सामान्य वर्ग आहे, इतका की नवख्या अभ्यासकाला असा निकाल आला की थोडी निराशा वाटते. परंतु काटोलच्या दगडात वितळलेल्या पातळ काळ्या शिरा होत्या, आणि आयआयटी खरगपूरच्या गटाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शिरांचा बारकाईने अभ्यास करून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोह व ॲल्युमिनियमयुक्त ब्रिजमनाइट आढळल्याचे सांगितले. ब्रिजमनाइट हे पृथ्वीवरचे सर्वांत विपुल खनिज मानले जाते, पण ते ६६० किलोमीटरपेक्षा खोल असलेल्या खालच्या प्रावरणात, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधल्या थराच्या तळच्या भागात, वातावरणाच्या दोन लाख पटींहून अधिक दाबाखाली असते आणि वर येताना टिकत नाही. दोन लघुग्रहांच्या टकरीत तितकाच दाब क्षणभर निर्माण झाला, शिरा झटकन गोठली, आणि खनिज तसेच उरले. वर्गाचे नाव सामान्य असले म्हणून दगड सामान्य ठरत नाही, आणि एल६ अशी चिठ्ठी लावून नमुना खणात ठेवणाऱ्याने त्याच्या शिरा पाहिल्याखेरीज खण बंद करू नये, असे काटोलच्या अभ्यासानंतर आग्रहाने म्हणावेसे वाटते.

एल गटाच्या पुष्कळ दगडांत असा जबर आघात दिसतो, आणि किरणोत्सारी कालमापनाने त्यांतल्या अनेकांच्या आघाताचा काळ सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचा येतो. त्या वेळी त्यांचा जनक लघुग्रह फुटला असावा. स्वीडनमधील किनेकुले येथील थोर्सबेर्गच्या चुनखडीच्या खाणीत नेमक्या त्याच काळातल्या थरांत शंभराहून अधिक जीवाश्म-अशनी सापडले आहेत. त्यांची जवळजवळ सर्व खनिजे बदलून गेली आहेत, फक्त क्रोमाइट या खनिजाचे कण टिकले आहेत, आणि त्या कणांच्या रसायनावरून एक अपवाद सोडता ते एल गटाकडेच बोट दाखवतात. फरशीसाठी दगड काढणाऱ्या कामगारांनी हे गडद डाग वेगळे काढून ठेवले नसते तर हा पुरावा लोकांच्या पायाखाली बसवला गेला असता.

अकॉन्ड्राइटमध्ये बहुतेक गटांची नावे एकेका नमुन्यावरून वा व्यक्तीवरून पडलेली आहेत आणि तेथे खनिजांइतकाच प्राणवायूच्या समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचा, आधार घ्यावा लागतो; शिकागोच्या क्लेटन आणि मायेडा यांनी ती पद्धत रुजवली. युक्राइट, डायोजेनाइट आणि त्यांच्या मिश्रणातून बनलेले हॉवर्डाइट या तिघांची समस्थानिक-खूण एकच आहे, आणि त्यांच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाच्या व्हेस्टा या लघुग्रहाशी जुळतो, हे १९७० मध्ये लक्षात आले. डॉन यानाने २०११-१२ मध्ये व्हेस्टाभोवती फिरून त्याला बळकटी दिली. १८४३ मध्ये खानदेशात माणेगाव येथे पडलेला लहानसा अशनी डायोजेनाइट आहे, म्हणजे तो बहुधा व्हेस्टाच्या कवचाच्या खोल भागाचा तुकडा असावा. राजस्थानातील पिपलिया कलान येथे २० जून १९९६ रोजी पडलेल्या युक्राइटमध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी ॲल्युमिनियम-२६ या अल्पायुषी किरणोत्सारी समस्थानिकाच्या अस्तित्वाच्या खुणा दाखवल्या, आणि एवढे लहान खगोल वितळायला उष्णता कोठून मिळाली या जुन्या प्रश्नाला प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

वर्गीकरण आणि उगमाचे स्पष्टीकरण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, हे शेरगोट्टीच्या अशनीच्या इतिहासातून सर्वांत चांगले कळते. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये पडलेल्या या बेसाल्टसदृश दगडात व्हिएन्नाच्या चेर्माकने १८७२ मध्ये फेल्स्पारच्या आकाराचेच पण काचेसारखे असलेले द्रव्य ओळखले आणि त्याला मॅस्केलिनाइट नाव दिले. इजिप्तमधील नखला आणि फ्रान्समधील शासिन्यी येथील अशनींशी त्याचे नाते पुढे जुळले, आणि या गटातले दगड लघुग्रहांच्या मानाने फारच तरुण ठरल्यावर ते एखाद्या मोठ्या ग्रहावरून आले असावेत अशी शंका बळावली. १९८३ मध्ये अंटार्क्टिकातील अशाच एका अशनीच्या काचेत अडकलेला वायू व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या वातावरणाशी जुळल्याचे दिसले. शेरगोटाइट हा वर्ग शंभर वर्षांपूर्वी होता तसाच राहिला, त्याचे घर तेवढे बदलले. मॅस्केलिनाइटचा महाराष्ट्राशीही संबंध आहे: बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आघाताने बनले हे १९७३ मध्ये ज्या पुराव्यांवरून स्थापित झाले त्यांत तेथील धक्का बसलेल्या बेसाल्टमधले हेच द्रव्य होते. लोणारला पडलेल्या अशनीचा तुकडा हाती लागलेला नाही, पण मंगळावरच्या बेसाल्टला बसलेला आघात आणि दख्खनच्या बेसाल्टला बसलेला आघात सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहता येतात, आणि विद्यार्थ्याला एस५ म्हणजे काय हे समजावण्यासाठी याहून चांगली जोडी मिळणे कठीण आहे.

अंटार्क्टिकाच्या बर्फावरून आणि सहारातून येणाऱ्या दगडांमुळे वर्गीकृत अशनींची संख्या आज सत्तर हजारांच्या पुढे गेली आहे, आणि त्यांत कोणत्याच गटात न बसणारे दगडही वाढत आहेत. नव्या गटाला मान्यता मिळण्यासाठी एकमेकांशी जुळणारे निदान पाच वेगळे अशनी असावेत असा संकेत आहे, तोवर ते गटबाह्य म्हणून नोंदले जातात. नावाला मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय मेटिऑरिटिकल सोसायटीची समिती आणखी एक अट घालते: दगडाच्या वजनाचा पाचवा भाग किंवा २० ग्रॅम, यांत जे कमी असेल तेवढा नमुना मान्यताप्राप्त संस्थेत कायमचा जमा झाला पाहिजे. भारतात अशा नमुन्यांचा राष्ट्रीय संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे कोलकात्यात आहे. ही अट कागदी नाही, कारण आज दिलेला वर्ग उद्याच्या उपकरणाने तपासून पाहता आला पाहिजे, आणि त्यासाठी न कापलेला भाग शिल्लक असावा लागतो.

उत्तर प्रदेशातील बस्ती येथे १८५२ मध्ये पडलेला ऑब्राइट, म्हणजे जवळजवळ लोहरहित एन्स्टाटाइट या सिलिकेट खनिजाचा बनलेला अकॉन्ड्राइट, या बाबतीत बरेच शिकवतो. मॅस्केलिनला त्यात कॅल्शियम सल्फाइडचे तपकिरी कण सापडले, आणि त्या नव्या खनिजाला त्याने भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांच्यावरून ओल्डहॅमाइट हे नाव दिले. हे खनिज दमट हवेत टिकत नाही आणि पाण्यात विघटित होते. भारतातला दुसरा ऑब्राइट पडायला १७० वर्षे लागली, आणि तो १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातमधील दियोदर येथे, ऐन पावसाळ्यात पडला. अशा दगडाची चीप नेहमीच्या सवयीने पाण्याखाली कापली, तर वर्गाची ओळख पटवणारी खनिजे असली तरी धुऊन जातात आणि पुढे काप पाहणाऱ्याला ती तेथे मुळातच नव्हती असे वाटते. म्हणून प्रत्येक कापाच्या नोंदीत चकती कोणती, जाडी किती यांच्या आधी कापताना कोणता द्रव वापरला हे लिहिलेले असावे.